हिकरीचा गज : लांब रायफल आणि तिच्याखालची काठी

१/
७ ऑक्टोबर १७८० च्या दुपारी, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या सीमेजवळील किंग्ज माउंटन नावाच्या लांबट टेकडीवर मेजर पॅट्रिक फर्ग्युसन मारला गेला. हा ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश अधिकारी होता, पण बंदुकीच्या इतिहासात त्याचे नाव वेगळ्याच कारणाने टिकून आहे. मागच्या बाजूने भरता येणारी, तोंडातून काहीही ठासावे न लागणारी रायफल त्याने १७७६ मध्ये वूलिच येथे वरिष्ठांपुढे चालवून दाखवली होती. मिनिटाला चार बार तो सहज काढत असे, घाई केली तर सहाही. त्याची रायफल भरायला गज लागत नसे. त्या दुपारी त्याला घेरणाऱ्या डोंगरापलीकडच्या शेतकरी-शिकाऱ्यांच्या रायफलींखाली मात्र लाकडाचा एकेक गज खोचलेला होता.

२/
हा थ्रेड त्या लाकडी गजाविषयी आहे.

कोकणात 'ठासणीची बंदूक' हा शब्द आजही कानावर येतो. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी घालायची आणि लांब काठीने दोन्ही तळापर्यंत ठासायची, म्हणून ते नाव. ती काठी म्हणजे गज. मराठीत गज म्हटले की खिडकीचे लोखंड डोळ्यांपुढे येते, त्यामुळे 'लाकडी गज' ही जोडी थोडी विसंगत वाटते. अठराव्या शतकातील युरोपीय सेनापतींनाही ती विसंगत वाटू लागली होती. त्यांनी लाकूड टाकले आणि लोखंड घेतले. पेनसिल्व्हेनियाच्या रायफलकारांनी लाकूड सोडले नाही. त्यांना लोखंड मिळत नव्हते म्हणून नव्हे. नळी तर ते लोखंडाचीच घडवत होते.

३/
आधी सेनापतींचे म्हणणे ऐकू.

१० एप्रिल १७४१. सायलेशियातील मोल्विट्झ येथे प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक आपली पहिली लढाई लढत होता. ऑस्ट्रियन स्वारांपुढे त्याचे घोडदळ उधळले. सेनापती श्वेरिनच्या आग्रहावरून राजाने रणांगण सोडले. मागे राहिलेल्या पायदळाने मात्र लढाई जिंकून दिली. हे पायदळ डेसाऊच्या लिओपोल्डने वर्षानुवर्षे कवायत घेऊन घडवले होते. त्याच्या सुधारणांपैकी एक दिसायला अगदीच किरकोळ होती : शिपायांचे लाकडी गज काढून घेऊन त्यांना लोखंडी गज दिले गेले. समोरच्या ऑस्ट्रियनांकडे अजून लाकडीच होते. धुमश्चक्रीत ते मोडत. ज्याचा गज मोडला, तो शिपाई उरलेल्या लढाईपुरता संगीनधारी भालेकरी होऊन जाई.

४/
मोल्विट्झचा विजय एका गजाने मिळवून दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कवायत, शिस्त आणि सलग रांगेतून होणारा गोळीबार यांचा वाटा मोठा होता. पण युरोपातील इतर दरबारांनी त्यातून जे धडे घेतले त्यांत हाही एक होता. ब्रिटनमध्ये हा बदल आधीच हळूहळू सुरू झाला होता. १७५६ च्या नमुन्याच्या पायदळी मस्केटीत पोलादी गज पक्का झाला. आरमाराच्या आणि दुय्यम पथकांच्या बंदुकांत लाकडी गज आणखी काही काळ रेंगाळला. लोखंडही निर्दोष नव्हते. मऊ राहिले तर वाकत असे, जास्त कडक झाले तर तडकत असे. तरी शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या खड्या फौजांत लाकडी गज जुनाट ठरला.

५/
येथे एक कोडे उभे राहते.

इंग्रजी शिपायाच्या 'ब्राउन बेस' मस्केटीची नळी आतून गुळगुळीत होती. तिचा व्यास साधारण ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे गोळी नळीत सैल असे. हातातून सुटली की जवळजवळ आपल्या वजनानेच तळ गाठे. गजाने वरून एक-दोन ठोके दिले की काम झाले. रायफलीत गोळी अशी सैल चालत नाही. नळीच्या आत कोरलेले नागमोडी आटे गोळीला पकडतील तरच ती फिरत बाहेर पडेल, आणि फिरली तरच दूरवर सरळ जाईल. म्हणून रायफलीची गोळी नळीत घट्ट बसवावी लागते आणि साडेतीन फुटांहून लांब नळीतून तळापर्यंत नेटाने ढकलावी लागते.

म्हणजे गजाला जिथे फारसे कष्ट नव्हते तिथे लोखंड आले, आणि जिथे त्याच्यावर खरा भार होता तिथे लाकूड राहिले.

६/
उत्तराचा पहिला भाग घाईत आहे. लाकडी काठी टोकावरच्या दाबाने सहसा मोडत नाही, ती बाजूच्या हिसक्याने मोडते. रांगेतल्या शिपायाला मिनिटाला तीन बार काढायचे असत. गज उपसायचा, हवेत उलटा करायचा, नळीत घालून ठासायचा, पुन्हा उपसायचा, पुन्हा उलटा करायचा आणि जागेवर सरकवायचा. आणि हे सगळे खांद्याला खांदा भिडलेल्या माणसांच्या गर्दीत, ढोलाच्या तालावर, समोरून गोळ्या येत असताना. गज शेजाऱ्याच्या कोपराला लागतो, नळीच्या काठावर आदळतो, अर्धा आत असताना मुरगळतो. उलटापालटीचे ते दोन क्षणही प्रशियाला पुढे जड वाटले आणि दोन्ही टोके सारखी असलेला गज निघाला.

जंगलातल्या शिकाऱ्याला अशी रांगही नव्हती आणि ढोलही नव्हता. बार भरायला त्याला अर्धा मिनिट लागो वा पूर्ण मिनिट. पहिला बार अचूक लागला तर दुसऱ्याची गरज पडत नसे.

७/
दुसरा भाग नळीच्या तोंडात आहे. बाहेर पडताना गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो तोंडाच्या काठाचा. तो काठ एका बाजूला किंचित जरी झिजला, तरी मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी ढकलली जाते. मस्केटीला याचे सोयरसुतक नव्हते. तिची गोळी तशीही आत टप्पे खात बाहेर पडायची. रायफलीचे सारे मोल मात्र त्या शेवटच्या इंचात. दर बाराला लोखंडी गज तिथून घासत आत-बाहेर होणार आणि त्या काळची नळी मऊ लोखंडाची. चांगला कारागीर ते होऊ देत नसे.

लाकूडही अगदी निरुपद्रवी नव्हते. त्यात वाळूचे कण रुतले की तेही कानशीसारखे चालते. अनेक जुन्या रायफलींची तोंडे झिजल्यावर नळी थोडी कापून, आटे पुन्हा खोल करून घेतल्याचे आढळते. पण झीज दशकांत होणे आणि एखाद्या मोहिमेत होणे यांत अंतर आहे.

८/
आता ही रायफल कुठून आली ते थोडक्यात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन आणि स्विस स्थलांतरित पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, स्थायिक झाले. त्यांच्यातील बंदूककारांनी मायदेशातील शिकारी रायफलीचे तंत्र सोबत आणले. ती रायफल आखूड नळीची आणि जाड गोळीची होती. नव्या देशात नळी लांबत गेली, ४२ ते ४६ इंचांपर्यंत. गोळी लहान झाली, कारण रानात महिनोन्‌महिने फिरणाऱ्याला शिसे आणि दारू पाठीवर वाहावी लागे. दस्ता लाटदार रेषांच्या मेपलचा. १७४० साली माइंझ येथे जन्मलेला आणि लँकेस्टरला स्थिरावलेला जेकब डिकर्ट हा या परंपरेतील नामांकित कारागीर. पुढे या बंदुकीला 'केंटकी रायफल' हे नाव चिकटले. ज्यांनी ती बनवली त्यांच्यावर हा अन्यायच आहे.

९/
या कारागिरांवर पुस्तके आहेत, त्यांच्या नळ्यांवर आणि पितळी नक्षीवर आहेत. गजाच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते : 'गज हिकरीचा असे.' त्या एका वाक्यात बराच ऐवज दडलेला आहे.

हिकरी हे अक्रोडाच्या कुळातील झाड. युरोपात ते हिमयुगात नाहीसे झाले होते, त्यामुळे तिकडचे बंदूककार अॅशसारख्या लाकडांवर भागवत. पेनसिल्व्हेनियाच्या रानात ते विपुल होते. वसाहतकरी त्याच्यापासून कुऱ्हाडीचे दांडे आणि गाड्यांच्या चाकांचे आरे बनवत, म्हणजे जिथे लाकडाला धक्का सोसायचा असतो तिथे हिकरी. ते कठीण आहेच, पण कठीण तर ओकही असतो. हिकरीचा गुण असा की ती वाकते, बरीच वाकते आणि सोडली की परत येते. तिचे तंतू लांब आणि चिवट असतात. तुटण्याआधी ती बराच वेळ ताणून धरते.

१०/
हा गुण मात्र तंतू अखंड असतील तरच. गज बनवण्याच्या कलेचा गाभा येथे आहे.

करवतीने फळी कापली की करवत स्वतःच्या सरळ रेषेत जाते, झाडाच्या रेषेत जात नाही. खोडातील तंतू जरा तिरपे असले की कापलेल्या काठीत ते एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. अशी काठी दिसायला नितळ आणि सरळ असते. तिच्यावर ताण आला की ती आडवी तुटत नाही; तंतूंच्या तिरक्या रेषेने सरसर फाटते. हातात राहतो तो भाल्याच्या पात्यासारखा टोकदार तुकडा, आणि हात तर पूर्ण जोराने खाली येत असतो. तळहातातून आरपार जाणारी ही जखम ठासणीच्या बंदुका हौसेने चालवणाऱ्यांना आजही परिचित आहे. दुकानातून आणलेली गुळगुळीत गोल काठी गज म्हणून वापरू नये, असे जाणकार कानीकपाळी ओरडतात ते यासाठी.

११/
म्हणून गजाचे लाकूड कापत नसत, फोडत असत. गाठी नसलेला, सरळ सालीचा, सरळ वाढलेला बुंधा निवडायचा. सालीच्या भेगा पीळ घेत वर गेल्या असतील तर आतले तंतूही पीळदार असतात आणि ते झाड सोडून द्यायचे. ओंडक्यात पाचरी ठोकून आधी दोन, मग चार, मग आठ फाका करायच्या आणि पुढे लांब पात्याने एकेक पट्टी उकलत न्यायची. लाकूड स्वतःच्या तंतूंच्या मार्गाने फाटते. पट्टी वाकडी निघाली तर ती वाकडी, पण तिचा प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. वाकडेपणा नंतर काढता येतो, तुटलेला तंतू जोडता येत नाही.

या पट्ट्या काही महिने सावलीत सुकू देत. ओल्या लाकडाचा गज आज नेमका बसला तरी वाळल्यावर आकसतो, पिळतो आणि बंदुकीखाली खुळखुळू लागतो.

१२/
नंतर पट्टी पायाने दाबून धरणाऱ्या लाकडी घोडीवर बसून, दोन मुठींचे पाते आपल्याकडे ओढत तासायची. आधी चौकोनी करायची, चौकोनाचे कोपरे मारून अष्टकोनी, पुन्हा कोपरे मारून सोळा बाजूंची. तेवढे झाल्यावर गोल करायला फक्त खरवडणे उरते. एकदम गोल तासायला गेले तर कुठे जाड कुठे बारीक होते, हे कोणताही सुतार सांगेल. काही जण लोखंडी पट्टीतल्या भोकांतून, मोठ्याकडून लहानाकडे, काठी ठोकत काढत. साधारण जाडी इंचाच्या तीन अष्टमांश, म्हणजे जवळपास १० मिलिमीटर. पण सगळीकडे सारखी नाही : तोंडाकडचे टोक थोडे भरदार आणि दस्त्यात शिरणारे टोक निमुळते. भरदार टोक गोळीवर बसते, निमुळत्या टोकामुळे गज जागेवर सरकवताना अडत नाही.

राहिलेला बाक विस्तवावर शेकून काढत. तापलेली हिकरी हातात मवाळ होते. उलट दिशेने वाकवून थंड होईपर्यंत धरली की सरळ राहते.

१३/
गज तयार झाला, आता त्याला घर. वस्तुतः रायफल घडवताना घर आधी तयार होते, आणि दस्त्याच्या कामातली सर्वांत जीव टांगणीला लावणारी पायरी बहुधा हीच असावी.

नळीखालच्या लाकडात पुढच्या अर्ध्या भागात उघडा पन्हाळ कोरतात. मागच्या अर्ध्या भागात मात्र लाकडाच्या पोटातून लांब गिरमिटाने भोक पाडत न्यावे लागते, पार चकमकीच्या कळेपर्यंत. वर नळीची खोबण, खाली दस्त्याचा बारीक होत गेलेला पोटाकडचा भाग. नळी आणि भोक यांमध्ये जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर लाकूड राखायचे असते. मेपलच्या ज्या लाटदार रेषा दस्त्याला सौंदर्य देतात, त्याच गिरमिटाला वाट चुकवतात. ते वर भरकटले तर नळीच्या खोबणीत फुटते, खाली भरकटले तर बाहेर दिसते. दोन्ही प्रकारांत आठवड्यांची मेहनत वाया. आत काय चालले आहे ते दिसत नाही. कारागीर गिरमिटाच्या उबेवरून, आवाजावरून आणि भुश्श्यावरून अंदाज घेत पुढे सरकतो.

१४/
पन्हाळाच्या भागात गज धरून ठेवायला पितळेच्या पत्र्याच्या लहान नळकांड्या बसवतात, सामान्यतः पुढे दोन-तीन आणि जिथे गज लाकडात शिरतो तिथे एक. या सर्वांचे मध्य एका रेषेत आले नाहीत तर गज दर वेळी अडखळतो. आणि बसावा तरी कसा? सैल असेल तर पळताना निसटून पडतो किंवा शिकारीच्या वेळी खडखडतो. घट्ट असेल तर पहिल्याच पावसात फुगून असा रुततो की दोन माणसांनी ओढला तरी निघत नाही.

यावर काही कारागीर एक गंमतीची युक्ती करत. ज्या गजाचा बाक काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच अखेरीस पुसट बाक ठेवायचा. नळकांड्यांतून जाताना तो बाक किंचित दाबला जातो आणि गज स्वतःच्या ताणानेच जागी राहतो. ना कळ, ना कमान.

१५/
टोकांची कथा वेगळी. गोळीवर दाबायचे टोक थोडे खोलगट करत, कारण शिसे मऊ असते. सपाट टोकाने ठासले तर गोळी चेपते, आणि चेपलेली गोळी आट्यांतून फिरली तरी डोलत जाते. दुसऱ्या टोकाला अनेकदा लोखंडी टोपी असे आणि तिला मळसूत्री आकडा जोडण्याची सोय. नळीत अडकलेली चिंधी किंवा न उडालेला बार उपसायला हा आकडा लागतो. टोपी नुसती चिकटवून चालत नाही. लाकूड आणि धातू यांतून आडवी खिळी मारून दोन्ही बाजूंनी चपटी करावी लागते. तसे न केल्यास अडकलेली गोळी ओढताना टोपीच सुटते, आणि मग नळीत एक नव्हे, दोन वस्तू अडकलेल्या असतात.

ही बाब किती क्षुल्लक, असे वाटत असेल तर ३ जुलै १७५४ आठवावा. बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन फोर्ट नेसेसिटी येथे फ्रेंचांनी वेढला गेला होता आणि पाऊस कोसळत होता. भरलेल्या बंदुका भिजल्या. समकालीन वृत्तान्तात तक्रार आहे की भिजलेले बार उपसायला सबंध पलटणीत मिळून असे दोनच आकडे होते. त्या रात्री वॉशिंग्टनला शरणागती पत्करावी लागली. कारणे इतरही होती, पण मुकी झालेली बंदूक हे त्यांतले एक.

१६/
शेवटी जवसाचे तेल. गज तेलात मुरवला की पाणी कमी पितो आणि कोरडा पडून ठिसूळ होत नाही. काहींवर जळके पट्टे गोल गोल चढवलेले दिसतात. ती केवळ हौस.

गज कित्येक दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा म्हणजे तो वेतासारखा लवचीक होतो, असा सल्ला आज सर्रास मिळतो आणि तो 'जुन्या शिकाऱ्यांचा' म्हणून सांगितला जातो. रॉकेल बाजारात आले ते १८५० च्या दशकात. तोपर्यंत चकमकीच्या लांब रायफलीचे वैभवाचे दिवस सरले होते.

१७/
आता प्रत्यक्ष बार. मोजून घेतलेली दारू नळीत ओतायची. तोंडावर चरबी लावलेली कापडाची चिंधी पसरायची, तिच्यावर गोळी. गोळी नळीपेक्षा अगदी थोडी लहान असते. उरलेली फट चिंधी भरून काढते आणि आट्यांची पकडही तीच घेते. मग गज. येथे नवशिका आणि जाणता वेगळे ओळखू येतात. नवशिका गजाचे वरचे टोक धरून सगळे अंग टाकतो. मध्ये तीन फूट मोकळी काठी धनुष्यासारखी वाकते. जाणता तोंडापासून वीतभर वर धरतो, वीतभर ढकलतो, पुन्हा वीतभर वर धरतो.

पहिले दोन-तीन बार सुखाने जातात. मग जळालेल्या दारूची काजळी नळीत साचू लागते आणि प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा जड जाते. गज मोडतात ते साधारण तेव्हा, म्हणजे नेमके जेव्हा मोडून चालणार नाही तेव्हा.

१८/
गजाचे आणखी एक काम होते, मोजपट्टीचे. बार व्यवस्थित तळाला बसलेला असताना गजावर नळीच्या तोंडापाशी एक खूण करून ठेवत. पुढे कधीही गज आत टाकला की कळते : खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काही आहे, खाली गेली तर नळी रिकामी. फारच वर राहिली तर एकावर एक दोन बार भरले गेले आहेत, किंवा गोळी अर्ध्यात अडकून खाली पोकळी राहिली आहे. त्या स्थितीत चाप ओढला तर नळी हातात फुटू शकते.

गोंधळात माणूस किती बार भरत सुटतो, हे पुढे यादवी युद्धात दिसले. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,००० हून अधिक बंदुका गोळा झाल्या. त्यांतील बहुसंख्य भरलेल्या होत्या, आणि हजारो बंदुकांत एकाहून अधिक बार होते.

१९/
किंग्ज माउंटनकडे परत जाऊ. फर्ग्युसनच्या हाताखाली सुमारे ११०० माणसे होती, सगळी राजनिष्ठ अमेरिकन. त्या टेकडीवर ब्रिटनमधून आलेला तो बहुधा एकटाच. त्यांच्याकडे मुख्यतः मस्केटी आणि संगिनी. चढून येणारे सुमारे ९०० जण मुख्यतः रायफली घेऊन आले होते. या रायफलीला संगीन लागत नाही आणि ती भरायला वेळ लागतो, हा तिचा दुबळेपणा फर्ग्युसनला चांगला ठाऊक होता. म्हणून त्याने संगिनींचे हल्ले चढवले. प्रत्येक हल्ल्यापुढे रायफलवाले उतारावरून खाली पळाले, कारण दुसरा उपायच नव्हता. खाली झाडांच्या आडोशाला थांबून त्यांनी पुन्हा गज उपसले, बार भरले आणि परत वर आले. हे अनेकदा घडले. शत्रू पाठ फिरवून टेकडीवर परत चढत असताना त्यांना मिळणारा तो अर्धा-पाऊण मिनिट म्हणजेच त्या दिवसाची लढाई.

ती साधारण तासभर चालली. हल्लेखोरांचे २८ ठार झाले. फर्ग्युसनच्या अंगात अनेक गोळ्या होत्या, आणि त्याची सहाशेहून अधिक माणसे कैद झाली.

२०/
त्याच्या गज न लागणाऱ्या रायफलीचे काय झाले? ती जेमतेम शंभरएक बनली. १७७७ मध्ये ब्रँडीवाइनच्या लढाईत तो जखमी होऊन त्याच्या उजव्या हाताचे कोपर कायमचे निकामी झाले आणि तिची तुकडी मोडली गेली. ती महाग होती, बनवायला किचकट होती आणि तिचा दस्ता कळेपाशी तडकत असे. मागून भरण्याची कल्पना बरोबर होती, पण ती सर्वत्र रुजायला आणखी तीन पिढ्या जायच्या होत्या. तोवर ब्रिटिशांनीही ठासणीचीच रायफल घेतली. १८०० च्या सुमारास आलेल्या बेकर रायफलीला पोलादी गज होता, आणि गोळी इतकी घट्ट बसे की आरंभी शिपायांना ती ठोकायला लहान लाकडी हातोड्याही दिल्या गेल्या.

२१/
घट्ट गोळी सुखाने आत कशी न्यावी, हा प्रश्न मग भारताच्या दारात येऊन उभा राहिला. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीत गोळी नळीपेक्षा लहान ठेवली होती; बार उडाला की ती फुगून आट्यांत बसे. तरी ती काजळीतून सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेले असे. पेनसिल्व्हेनियाच्या शिकाऱ्याने चिंधीला लावलेल्या चरबीचेच हे कारखान्यातले रूप. तिकडे ती अस्वलाची आहे की गाईची, याने कुणाचे काही बिघडत नव्हते. काडतूस दातांनी फोडायच्या हुकमासह तीच चरबी १८५७ मध्ये बंगालच्या पलटणींपुढे आली, तेव्हा तो धर्माचा प्रश्न झाला. वरसईच्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची ती हकीकत येते.

२२/
संग्रहालयांत आज लांब रायफली पुष्कळ आहेत. नळी मूळची, दस्ता मूळचा, पितळ मूळचे. सूचीत गजापुढे मात्र वारंवार आढळते : 'नंतर बदललेला'. मूळ गज मोडले, हरवले, चूल पेटवताना कामी आले, किंवा रायफल खुंटीवर गेल्यावर घरातल्या पोरांनी खेळायला नेले. १९६९ मध्ये वॉलेस गस्लर या कारागिराने कलोनियल विल्यम्सबर्गसाठी जुन्या हत्यारांनी सबंध रायफल घडवून दाखवली आणि तिचा चित्रपट निघाला. त्यानंतर असे काम करणारे बरेच झाले. जुन्या रायफलीचा गज नाहीसा झाला असेल, तर तो पूर्वी कसा होता हे त्यांना दस्त्यातल्या भोकावरून कळते. ते किती रुंद आहे, आत कुठवर निमुळते होत जाते आणि नळकांड्या कोणत्या बाजूला घासल्या आहेत, हे पाहून नवी हिकरी फोडायला घेतात.